फाटकाच्या आत कुत्रा चावला, तर?

प्रश्न : मी घरोघरी पार्सलं पोचवतो. एका बंगल्याची बेल वाजवली, ‘आत या’ म्हणाले म्हणून फाटक उघडलं, तर मोकळा कुत्रा पोटरीला चावला. मालक म्हणतात, जागा आमची, ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटीही आहे. चूक माझीच का?

उत्तर : नाही. तुमचं पत्र वाचून मला खरंच राग आला. ‘जागा आमची’ हे मी वकिलीत फार वेळा ऐकलंय. प्रश्न जागेच्या मालकीचा नसतो, तुम्ही तिथे हक्काने होतात का, हा असतो. तुम्हाला तर त्यांनीच बोलावलं! कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेचं कलम ३३४२ अशा माणसाला मालकाच्या आवारातही संरक्षण देतं. कुत्रा आधी कुणाला चावला नव्हता, ही सबब तिथे चालत नाही. सगळीकडे कायदा इतका सरळ नाही. काही ठिकाणी मालकाचा निष्काळजीपणा, किंवा कुत्र्याचा स्वभाव त्याला ठाऊक होता, हे दाखवावं लागतं. तिथे ती पाटी तुमच्याच कामी येऊ शकते. धोका माहीत होता, तर ‘आत या’ म्हणण्याआधी कुत्रा बांधला का नाही?

तुम्ही कुत्र्याला डिवचलं असतं किंवा चोरून शिरला असतात, तर गोष्ट वेगळी.

जखमेचे फोटो, दवाखान्याचे कागद, पार्सलच्या वेळेची नोंद जपा आणि खर्चाची मागणी लेखीच करा. रेबीजच्या लसीचा एकही डोस मात्र चुकवू नका; दावा त्यानंतर.