ठिपकी फिरायला गेलेली नाही

प्रश्न : ताई, आमच्या परसात चार कोंबड्या होत्या. गेल्या शुक्रवारी रात्री रानमांजरानं त्यातली ठिपकी नेली. सकाळी पाहते तर खुराड्याची कडी उघडी आणि दारात पिसंच पिसं. संध्याकाळी कडी लावायचं काम माझ्या 9 वर्षांच्या मुलाकडे असतं. त्या दिवशी तो विसरला. धाकटी साडेचार वर्षांची. ती रडू नये म्हणून मी सांगून टाकलं, ठिपकी रानात फिरायला गेलीय. आता ती रोज संध्याकाळी वाटीत दाणे घेऊन कुंपणाशी उभी राहते. मुलगा खुराड्याकडे फिरकतसुद्धा नाही. विचारलं तर म्हणतो, “मला कोंबड्या आवडतच नाहीत.” काय करू?
– एक आई

उत्तर : आज धाकटी वाटी घेऊन निघायच्या आत तिला खरं सांगा.

मी याहून मोठा घोळ घातला होता. मुलगा 5 वर्षांचा असताना आमची तांबडी कुत्र्यानं मारली. तो शाळेतून यायच्या आत मी हुबेहूब तशीच दुसरी आणून सोडली. त्यानं तिला उचललं, पाय पाहिला आणि म्हणाला, “हिचं बोट सरळ आहे.” तांबडीच्या उजव्या पायाचं मधलं बोट वाकडं होतं, हे मला तीन वर्षांत दिसलं नव्हतं! तांबडीसाठी तो आठवडाभर रडला असेल. पण मला काहीही विचारताना आधी ‘खरं सांग हं’ म्हणायची सवय पुढे दोन वर्षं टिकली.

धाकटीला म्हणा, “मी तुला चुकीचं सांगितलं. रानमांजरानं ठिपकीला मारलं. ती मेली, आता परत येणार नाही.” ‘मेली’ म्हणताना जीभ अडखळते, पण तोच शब्द हवा. ‘झोपली’ म्हणालात तर रात्री तीच अंथरुणाला घाबरेल. मरण कायमचं असतं हे मुलांना साधारण 5 ते 7 वर्षांच्या दरम्यान उमजू लागतं. त्यामुळे उद्या ती पुन्हा विचारेल, “कधी येणार?” पुन्हा तेच आणि तेवढंच सांगायचं. दुखलं का विचारलं, तर “तेव्हा दुखलं असेल, आता दुखत नाही.” रक्ताची वर्णनं नकोत. मधेच ती खेळायला पळाली तर हिला काहीच वाटत नाही असं समजू नका. एवढ्या पोरांचं रडणं असं हप्त्याहप्त्यानंच येतं. एखादं पीस उरलं असेल तर ते तिला ठेवू द्या.

मला खरी काळजी थोरल्याची वाटते. ‘आवडतच नाहीत’ याचा अर्थ ‘माझ्यामुळे मेली’. त्याला ‘तुझी काही चूक नाही’ असं मात्र म्हणू नका. कडी कुणी लावली नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही ते नाकारलंत, तर आईशी यावर बोलण्यात अर्थ नाही, एवढंच तो धरून बसेल. म्हणा, “कडी राहिली, खरंय. पण मुलं कधीतरी विसरणारच. झोपायच्या आधी एकदा बघून येणं आमचं काम होतं, आम्ही ते केलं नाही.” राग मानू नका, पण ते तुमचंच काम होतं. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही. दांडीवर बसली की ती जागची हलत नाही, आयतीच सापडते. एवढी जोखीम एका मुलाच्या आठवणीवर सोडायची नसते.

आणि त्याला हाताशी घेऊन खुराडं दुरुस्त करा, याच आठवड्यात. एकदा शिकार मिळाली की जनावर त्याच जागी परत येतं. कोंबड्यांची म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची जाड, वेल्डेड जाळी घ्या आणि फूटभर जमिनीत गाडा, म्हणजे खालून उकरता येणार नाही. हातोडी त्याच्या हातात द्या. समोर बसवून ‘बोल’ म्हटलं की मुलगे गप्प होतात. खिळा ठोकता ठोकता मात्र काहीतरी बोलून जातात. रानमांजराला त्यानं शिव्या घातल्या तर घालू द्या. त्यालाही भूक असते, हे व्याख्यान महिनाभरानं दिलं तरी चालतं.

उरलेल्या तिघी काही दिवस अंडी कमी देतील, आपसांत टोचाटोचीही करतील. मुलांना ते बघू द्या. काही आठवड्यांनीही झोप, जेवण, शाळा रुळावर आली नाही, तर मुलांच्या समुपदेशकाला जरूर भेटा.

नवी कोंबडी मुलांनी मागितल्यावरच आणा. आणाल तेव्हा दोन आणा, एकटीला जुन्या टोचून हैराण करतात. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना वेगळं ठेवा, कारण नव्यांबरोबर आजारही येतो. धाकटी त्यातल्या एकीला ठिपकीच म्हणायला लागली तर म्हणू दे. थोरला दुरुस्त करेलच.