हाड की गारगोटी?

प्रश्न : पन्हाळ्याच्या पायथ्याशी काळ्या दगडात पांढरं, हाडासारखं काही दिसलं. पक्ष्याचा जीवाश्म असेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा नाही. आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा; त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट अशी पांढरट खनिजं भरतात. पक्ष्याचं हाड पोकळ, पातळ भिंतीचं, लगेच चुरा होणारं. जर्मनीत १८६१ साली सापडलेला आर्किओप्टेरिक्स हा आदिपक्षी टिकला तो अगदी बारीक कणांच्या चुनखडीत. पंचगंगेच्या गाळात मात्र कधी हाड दिसलंच, तर धुऊ नका. ओलं हाड भराभर वाळलं की तडकतं. फेव्हिकॉल तर नकोच, नंतर नीट सुटत नाही. मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, जागा नि थर लिहून ठेवा, भोवतालच्या मातीसकट उचला.