फायबरग्लासचे पातळ पॅनेल कडा न फुटता कसे कापावेत?

तुमची अडचण मी अशी समजलो आहे: न्हाणीघराच्या भिंतीवर बसवण्यासाठी तुम्ही सुमारे २ मिलिमीटर जाडीचे सपाट फायबरग्लास पॅनेल आणले. त्यातले एक ग्राइंडरने कापून पाहिले, तेव्हा गुळगुळीत बाजूचे टवके उडाले, कडेला कुसळे राहिली आणि खोलीभर पांढरी धूळ झाली. आता यासाठी दुसरे कोणते यंत्र घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते नवे यंत्र घेण्याआधी कापताना पॅनेलच्या खाली काय होते, हे आठवून पाहावे. मी स्वतः हॅक्सॉ (धातू कापण्याची हातकरवत), जिगसॉ (वरखाली चालणाऱ्या अरुंद पात्याची विजेची करवत), ग्राइंडर आणि पत्र्याची कात्री या सर्वांनी हे पॅनेल कापले आहेत. त्यांतल्या प्रत्येकाने मी चांगली कडही काढली आहे आणि पॅनेल वायाही घालवले आहे. वाया गेलेल्या बहुतेक वेळी पॅनेल रेषेजवळ अधांतरी होते.

याचे कारण त्या वस्तूच्या घडणीतच आहे. काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे, बहुधा पॉलिएस्टर जातीचे रेझिन, अशा दोन अगदी वेगळ्या स्वभावांच्या पदार्थांपासून हे पॅनेल बनते. रेझिन ठिसूळ असल्याने धक्क्याने तडकते, तर तंतू चिवट असल्याने ते कापले नाहीत तर ओढले जाऊन रेझिनमधून सुटतात. दर्शनी बाजूच्या गुळगुळीत थरात तंतू नसतातच, म्हणून टवके सर्वांत आधी त्या थराचे उडतात. पातळ पॅनेलला खालून आधार नसेल, तर पात्याचा प्रत्येक दात आधी पॅनेलला वाकवतो आणि मग कापतो. पॅनेल वरखाली थरथरू लागते आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना रेझिन तडकत जाते. कडेलगत जो एकदोन मिलिमीटर रुंदीचा पांढरट पट्टा दिसतो, तो म्हणजे रेझिनने तंतूंची साथ सोडल्याची खूण आहे. तो पुसून जात नाही, घासूनच काढावा लागतो.

म्हणून मी पॅनेल कधीही नुसते कापत नाही. सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या टाकाऊ प्लायवूडवर ते ठेवतो, वरून रेषेला लागून एक सरळ फळी ठेवतो आणि हे तिन्ही थर क्लॅम्पने घट्ट आवळतो. पाते खालच्या प्लायवूडसकट पॅनेल कापते, त्यामुळे पॅनेलला थरथरायला जागाच उरत नाही. पाते खाली मोकळे जावे म्हणून प्लायवूडखाली दोन जाड फळ्या समांतर ठेवाव्यात आणि त्यांच्यामध्ये बोटभर फट ठेवावी. कापून सुटणाऱ्या तुकड्यालाही शेवटपर्यंत आधार हवा. शेवटची चारपाच सेंटिमीटर उरलेली असताना तो तुकडा स्वतःच्या वजनाने खाली लोंबला, तर कोपरा फाटतो आणि तोपर्यंतची सगळी मेहनत वाया जाते. माझे जितके कोपरे गेले, ते जवळजवळ सगळे याच टप्प्यावर गेले.

आखणीपूर्वी रेषेच्या जागी दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवावी आणि आखणी टेपवरच पेन्सिलीने करावी. टेपमुळे रेषही स्पष्ट दिसते, यंत्राच्या बुडाचे ओरखडेही पडत नाहीत आणि वरचा थर थोडाफार धरून ठेवला जातो. काम झाल्यावर टेप कापलेल्या कडेकडे ओढत काढावी, कडेपासून आत ओढू नये. नाहीतर सुटू पाहणारा टवका टेपबरोबर निघून येतो.

आता अवजारांविषयी. काच पोलादी पात्याची धार फार लवकर खाते, हे लाकूडकामाची सवय असलेल्यांच्या लक्षात येत नाही. साध्या पात्याने पहिला फूटभर काप सुरेख होतो, नंतर तेच पाते कापण्याऐवजी घासू लागते आणि आपण नकळत जोर वाढवतो. जिगसॉसाठी कार्बाइडचे कण बसवलेले, दात नसलेले पाते मिळते. ते या कामाला सर्वांत योग्य. ते नसेल, तर धातू कापण्याचे, इंचाला २४ दातांचे बारीक पाते वापरावे आणि ते बोथट होताच बदलावे. जिगसॉमधली पाते पुढेमागे झुलवण्याची सोय बंद ठेवावी आणि वेग मध्यम ठेवावा. जिगसॉचे नेहमीचे दाताचे पाते वर येताना कापते, त्यामुळे टवके वरच्या बाजूचे उडतात. म्हणून दर्शनी बाजू खाली, प्लायवूडला टेकलेली असावी.

यात एक सापळा आहे आणि मी त्यात अडकलो आहे. पॅनेल पालथे घातले की डावे-उजवे उलटते. नळासाठीचे भोक मी भिंतीवरची मापे जशीच्या तशी पाठीवर आखून पाडले आणि पॅनेल उचलून भिंतीला लावले, तेव्हा भोक नळापासून चांगले हातभर दूर होते. तेव्हापासून मी पाठीवर आखताना आधी मोठ्या अक्षरांत ‘मागची बाजू’ असे लिहितो आणि कोणती कड खिडकीकडे जाणार आहे, त्याचा बाण काढतो.

हॅक्सॉने कापायचे असेल तर गणित वेगळे आहे. त्याचे दात पुढे ढकलताना कापतात, म्हणून दर्शनी बाजू वर ठेवावी. इंचाला ३२ दात असले, तर दोन दातांमधले अंतर साधारण ०.८ मिलिमीटर होते. म्हणजे पाते उभे धरल्यास २ मिलिमीटर जाडीत एका वेळी जेमतेम अडीच दात बसतात आणि ते अडकत, धक्के देत जातात. तेच पाते पॅनेलशी सुमारे ३० अंशांचा कोन करून आडवे धरले, तर त्याला ४ मिलिमीटर लांबीचा मार्ग मिळतो आणि पाच दात एकाच वेळी कामाला लागतात. हाताला हा फरक लगेच जाणवतो: खरखर थांबून एकसारखा आवाज येऊ लागतो. एकदोनच काप घ्यायचे असतील, तर मी आजही हॅक्सॉच घेतो, कारण धूळ कमी उडते आणि ती जाड असल्याने जवळच पडते.

तुमचा ग्राइंडर टाकून देण्याची गरज नाही. लांब सरळ कापासाठी १ मिलिमीटरची कापण्याची चकती किंवा अखंड कडेची पातळ डायमंड चकती चांगले काम करते. मात्र एकाच फेरीत आरपार जाण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या फेरीत दर्शनी थरापुरती उथळ खाच पाडावी आणि दुसऱ्या फेरीत त्याच खाचेतून काप पूर्ण करावा. चकती एकाच जागी रेंगाळली तर कड तपकिरी होते आणि उग्र वास येतो. हे रेझिन थर्मोसेट जातीचे असल्याने ॲक्रिलिकसारखे वितळत नाही, सरळ करपते, आणि करपलेली कड पुढे भुसभुशीत होऊन झडते. ग्राइंडरचा खरा दोष त्याची धूळ हा आहे, म्हणून तो घराबाहेर, मोकळ्या हवेतच चालवावा.

दीड मिलिमीटरपर्यंतच्या पॅनेलवर पट्टी ठेवून धारदार कटरने सातआठ वेळा हलक्या हाताने खाच पाडून ते वाकवताही येते. पण ते काचेसारखे टक्कन तुटेल अशी अपेक्षा ठेवू नये. मागचे तंतू बिजागरीसारखे धरून राहतात आणि ते मागच्या बाजूने कटरनेच कापावे लागतात. हिसका देऊन ओढले तर पाठीचा थर सोलत जातो. पत्र्याची कात्री मी फक्त ओबडधोबड कापणीसाठी वापरतो आणि रेषेबाहेर पाच मिलिमीटर राखून चालवतो, कारण तिच्या जबड्यात कड चिरडली जातेच.

स्विचच्या चौकटीसारखी आतली खिडकी कापायची असेल, तर आधी चारही कोपऱ्यांत सुमारे ६ मिलिमीटरची भोके पाडावीत आणि मग ती सरळ कापांनी जोडावीत. काटकोनात थांबलेल्या कापापासून पुढे तडा जातो. गोल भोकात तो थांबतो. भोक पाडताना पाठीमागे लाकूड घट्ट दाबून धरावे. सुरुवातीला ड्रिल उलट दिशेने फिरवून वरचा थर घासून घेतला, तर भोकाभोवती टवके उडत नाहीत.

धुळीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण पहिल्या वेळी मी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात कापायला बसलो होतो आणि पुढचे दोन दिवस हात खाजवत होतो. या पॅनेलमधले तंतू सहसा ९ मायक्रॉन किंवा त्याहून जाड असतात, तर फुप्फुसात खोलवर पोहोचू शकणाऱ्या तंतूंची जाडी ३ मायक्रॉनपेक्षा कमी मानली जाते. शिवाय ॲस्बेस्टॉससारखे ते उभे चिरत जात नाहीत, आडवे तुटतात. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण रेझिनची बारीक भुकटी श्वासात जातेच, म्हणून एन-९५ दर्जाचा मास्क आणि बाजूंनी बंद असलेला चष्मा लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. काम झाल्यावर अंग न चोळता आधी थंड पाण्याची धार सोडावी. कपडे वेगळे धुवावेत. मी ते घरच्या कपड्यांत टाकले होते आणि त्याबद्दल घरच्यांनी मला जे सुनावले ते येथे लिहिण्यासारखे नाही. धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

कापलेली कड लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या १२० नंबरच्या आणि नंतर २२० नंबरच्या सँडपेपरने घासावी. हात दर्शनी बाजूकडून पाठीकडे, एकाच दिशेने चालवावा. मग जुना नायलॉनचा मोजा कडेवरून फिरवून पाहावा. तो जिथे अडकेल तिथे कुसळ शिल्लक आहे. न्हाणीघरासाठी एवढ्यावर थांबू नये, कारण उघड्या पडलेल्या तंतूंच्या वाटेने पाणी हळूहळू आत शिरते. म्हणून कडेवर इपॉक्सीचा पातळ हात फिरवून ती बंद करावी.

मापे घेतानाच प्रत्येक बाजूला सुमारे ३ मिलिमीटरची फट धरावी, म्हणजे उष्णतेने पॅनेल फुगले तरी भिंतीवर उठून येणार नाही. कारखान्यातून आलेली मूळ कड जिथे डोळ्यांसमोर राहील तिथे ठेवावी आणि आपण कापलेली कड कोपऱ्यातल्या पट्टीखाली जाऊ द्यावी. बिघडलेले ते पॅनेल मात्र टाकू नका. जिगसॉचे नवे पाते आणि खालचे प्लायवूड यांची पहिली परीक्षा त्याच्यावरच घ्या.