ऑडिटला गेलेला नवरा

बाईंनी पर्स उघडली आणि माझ्या टेबलावर एक कागदी पट्टा ठेवला. निळा, चुरगळलेला, एकदा धुण्यात जाऊन अर्धा पांढरा पडलेला. थीम पार्कात शिरताना मनगटाला बांधतात तसला.

"ह्यांच्या शर्टाच्या खिशात निघाला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी हे मुंबईला ऑडिटला गेले होते."

मी काही बोलले नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीखाली दिवसभर रिक्षांची कटकट असते, ती तेवढी ऐकू येत राहिली.

"आधी वाटलं, कुणी बाई असणार. तीन दिवस घास उतरला नाही. शेवटी विचारलं, तर म्हणाले, एकटाच गेलो होतो. खोपोलीला. रोलर कोस्टरवर बसायला." मग जरा थांबून, "मॅडम, बाई असती तर निदान बहिणीजवळ रडता आलं असतं. हे कुणाला सांगू?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पट्ट्याचा रंगसुद्धा. पट्टा मात्र खरा.)

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या कपड्यांत येतो. कुणाचा नवरा पन्नाशीत खेळण्यातल्या आगगाड्या जमवतो, कुणाची आई रिटायर झाल्यावर कॉमिक्स वाचत बसते. प्रश्न एकच असतो: ह्या वयात हे असणं बरोबर आहे का, की डोक्यात काही बिनसलंय? बाईंचे यजमान चव्वेचाळीस वर्षांचे. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात अकाउंटंट. दारू नाही, तंबाखू नाही, घरी पगार वेळेवर. सासूबाईंचं म्हणणं, "लहानपणापासूनच असा. कमाटीबागेतल्या गाडीतून उतरायचाच नाही. पण आता घोडा झालाय."

पुढच्या आठवड्यात घोडा स्वतः आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मान खाली. मी मनात म्हटलं, इथे काहीतरी दडलेलं आहे, आणि कामाला लागले. वडील लवकर गेले का? नाही, अजून रोज सकाळी फिरायला जातात. बालपणी काही हुकलं का? "तसं काही नाही, मॅडम. सुट्टीत बोरिवलीच्या मामाकडे जायचो. १९९१ साली मामाने एस्सेल वर्ल्ड दाखवलं. गोराईला बोटीतून जायला लागायचं. फार मजा आली." मग? "मग काही नाही. आवडलं." धाडसाची नशा असेल, असंही वाटून गेलं. मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन ह्यांनी उत्तेजना शोधणाऱ्या माणसांवर बरंच काम केलंय, ते आठवलं. पण हा माणूस स्कूटर पस्तीसच्या वर नेत नाही आणि शेअर बाजाराचं नाव काढलं तर अंग चोरतो.

दोन बैठका मी जखम शोधत होते. जखम नव्हती. आमच्या धंद्यात ही खोड लागते. दुःखाला कारण असतं हे शिकता शिकता आपण आनंदालाही कारण मागायला लागतो, आणि तेही दुःखाचंच. त्यांनाच शेवटी माझी दया आली असावी. म्हणाले, "मॅडम, तुम्ही मला कोस्टर कसा चालतो ते विचारा ना."

विचारलं. आणि खुर्चीतला माणूस बदलला. त्यांनी माझ्या पॅडवर टेकडी काढली. "ह्याला इंजिन नसतं. साखळी गाडीला पहिल्या चढावर नेते. ते टक् टक् टक् ऐकू येतं ना, तो खटका आहे, साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून. वर पोचली की साखळी सोडते. ती उंची म्हणजे ओपनिंग बॅलन्स समजा. त्यापुढे एक पैसा जमा नाही, सगळा खर्च. प्रत्येक वळणाला, प्रत्येक घर्षणाला. म्हणून पहिली टेकडी सगळ्यांत उंच. तेवढ्या शिलकीत स्टेशनात परत यायचं." खोपोलीच्या इमॅजिका पार्कातला नायट्रो त्यांचा लाडका. स्विस कंपनीने बनवलेला, पायांखाली फळीच नाही, पाच वेळा उलटं करतो. "पण मला उलटं होण्यात एवढं काही नाही. टेकडीवरून खाली वळताना एक क्षण मांड्या सीटवरून सुटतात. तेवढ्यासाठी जातो."

त्यांच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे, किराणा दुकानात खातं लिहितात तसली. दिल्लीचं अप्पू घर २००८ साली बंद पडण्याआधी पाहिलेलं, कोलकात्याचा निक्को पार्क, बंगळुरू आणि कोचीचं वंडरला, आपल्या आजव्याचं आतापी. तारीख, पाळण्याचं नाव, किती वेळ रांग, शेवटी एक शेरा. अमेरिकेत अशा माणसांची १९७८ पासून संघटना आहे आणि ती मंडळी बसलेल्या प्रत्येक कोस्टरला 'क्रेडिट' म्हणतात, हे त्यांनी मला लाजत सांगितलं. "आमच्या भाषेत जमा." कोपनहेगनच्या तिवोली बागेत १९१४ चा लाकडी कोस्टर आहे, त्यात ब्रेक मारणारा माणूस गाडीतच बसतो. तो पाहायचाय. पैसे जमवतोय, पण पीएफला हात लावणार नाही.

मी ऐकत होते आणि मनातल्या मनात दुसरी यादी तपासत होते. आवड आणि व्यसन ह्यांतला फरक वयावरून ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार घातला, त्याची कसोटीही वयाची नाही. ताबा सुटलाय का, बाकी सगळ्यावर त्याचं राज्य आहे का, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही का, आणि हे साधारण वर्षभर चाललंय का, एवढंच बघतात. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलेरँड आणि सहकाऱ्यांनी २००३ साली आवडीचे दोन प्रकार मांडले. एक आवड आयुष्यात बाकीच्यांना सरकून जागा करून देते. दुसरी माणसालाच धरून बसते, नको म्हटलं तरी करायला लावते, आणि केल्यावर मन खातं. दुसऱ्या प्रकारातली माणसं मी पाहिलीत. एका मुलाने मोबाइलवरच्या खेळासाठी आईच्या बांगड्या गहाण टाकल्या होत्या. त्याच्याशी बोलताना मला खेळाबद्दल एक वाक्य आनंदाचं ऐकायला मिळालं नव्हतं.

ह्या वहीत आनंद होता. खर्चही होता, पैशापैशाचा. वर्षाचा आकडा घरातल्या एका लग्नाच्या आहेराहून कमी. राहिलं ते ऑडिट.

"खोटं का बोललात?"

बराच वेळ पेनाचं टोपण काढ-घाल. मग जे निघालं त्याची मी अपेक्षा केली नव्हती. पंधरा वर्षं मुलगा बरोबर असायचा. मुलासाठी चाललोय, असं म्हणायची सोय होती. ऑफिसात, शेजारी, सासुरवाडीला. गेल्या दिवाळीत मुलगा म्हणाला, "बाबा, मी नाही येत. मित्रांनी पाहिलं तर काय म्हणतील?" त्यात गैर काही नाही, त्याचं वयच ते. पण बापाचं पांघरूण गेलं. तरी एक दिवस ते एकटे गेले. तिकिटाच्या खिडकीवर सहज प्रश्न आला, "साथे छोकरां केटलां?" आणि हा हिशोबाचा माणूस उत्तरला, "एक. पार्किंगमां छे."

म्हणजे पहिलं खोटं बायकोला नव्हतंच. ते एका अनोळखी खिडकीला होतं. बायकोपर्यंत यायला त्याला चार महिने लागले. त्यानंतर तीनदा ऑडिट.

आपल्याकडे मोठ्या माणसाच्या मजेला कुणाचं तरी नाव लागतं. मुलांसाठी, पाहुण्यांसाठी, नाहीतर देवासाठी. ज्या बडोद्यात राजपुत्रांना शाळेत न्यायला राजवाड्याच्या आवारात छोटी आगगाडी धावत असे, तिथे त्या गाडीत मोठ्यांपैकी कुणी हळूच बसलं नसेल, हे मला तरी खरं वाटत नाही.

तिसऱ्या वेळी दोघांना एकत्र बोलावलं. मी त्यांना सांगितलं की १९५५ साली डिस्नेलँड उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्ने ५३ वर्षांचे होते. मुली पाळण्यात बसलेल्या आणि आपण बाकावर, तेव्हा आईबापांनाही मजा येईल अशी जागा हवी असं मनात आलं, असं ते सांगत. मला वाटलं होतं, गोष्ट नवऱ्याच्या बाजूने पडेल. झालं उलटं. 'बाक' हा शब्द ऐकला आणि बाईंचा बांध फुटला.

"बाकावर मी बसले, मॅडम! पंधरा वर्षं. चार चपला, तीन बाटल्या, ह्यांचा चष्मा, ह्यांचं पाकीट. मला तिसऱ्या मिनिटाला मळमळतं, मी कधी बसलेच नाही. पण उतरल्यावर हे दोघं एकमेकांशी बोलत यायचे, कसं वाटलं, कुठे पोटात खड्डा पडला. मला फक्त पाकीट मागायचे."

ते त्यांच्याकडे बघत राहिले. वहीत हे कुठे नोंदलेलं नव्हतं.

बाईंना रोलर कोस्टरवर बसायला शिकवा, दोघं हातात हात घालून जाऊ द्या, असला सल्ला मी दिला नाही. त्यांना ते आवडत नाही आणि आवडायची गरजही नाही. ठरलं ते साधं. वर्षात दोनदा यजमानांनी एकट्याने जायचं, सांगून. सामानाला लॉकर घ्यायचा. त्याच महिन्यात एक दिवस बाईंचा, डभोईला बहिणीकडे, आणि त्या दिवशी घरचा स्वयंपाक कुणी करायचा ते विचारायला फोन करायचा नाही. जायच्या आधी त्यांनी ब्लडप्रेशर तपासून घ्यायचं, कारण वडिलांना आहे आणि पार्काच्या पाटीवर हृदयविकार, मान, पाठ हे उगाच लिहिलेलं नसतं. तपासलं तर थोडं वर निघालं. गोळी सुरू झाली, डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितलं आणि हा माणूस बिनबोभाट थांबला. माझ्या मनात तरी व्यसनाचा प्रश्न तिथे मिटला.

खोटं मिटायला मात्र वेळ लागला. बाई मध्यंतरी दोनदा एकट्या आल्या. ऑफिसातून यायला उशीर झाला की अजून पोटात गोळा येतो म्हणाल्या. येणारच. तीन ऑडिटांचा हिशोब एका बैठकीत पुसला जात नाही, हे मी त्यांनाही सांगितलं आणि यजमानांनाही.

परवा बाईंचा फोन आला, भाचीच्या बारावीच्या टेन्शनबद्दल. बोलणं संपता संपता मी विचारलं, घरी कसं काय.

"हे आज नाहीत. काल रात्रीच्या गाडीने गेले. आत्ता दादरला खोपोली लोकलची वाट बघत असतील."

"सांगून गेले ना?"

"सांगून काय, कालनिर्णयावर लिहिलंय महिनाभर आधी." त्या हसल्या. "लिहिलंय पोराने. 'बाबा: ऑडिट'."