एकाच पेशंटचं पोटॅशियम एका लॅबमध्ये 6.9 आणि दुसरीकडे 4.4 कसं येतं?

तुम्ही विचारलंय की अशक्तपणासाठी तपासणी केली तेव्हा आईंचं पोटॅशियम तालुक्याच्या लॅबमध्ये 6.9 निघालं, रातोरात लातूरला नेलं, तर तिथं 4.4. मग पहिली लॅब खोटी का, आणि त्या रिपोर्टापायी आईंना काही झालं असतं का?

मी परभणी जिल्ह्यात लॅब चालवतो. पहिल्या लॅबचं मशीन बिघडलेलंच असेल असं नाही. पुढ्यात आलेल्या सॅम्पलमध्ये जेवढं पोटॅशियम होतं, तेवढं त्यानं बहुधा बरोबरच मोजलं. घोळ बहुतेक वेळा त्याआधी होतो.

शरीरातलं जवळपास सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पिवळसर पाण्यात, जेमतेम 3.5 ते 5 (मिलीमोल प्रति लिटर). तांबड्या पेशी फुटल्या की आतलं बाहेर येतं आणि आकडा फुगतो. बारीक सुई, जोरात ओढलेली सिरिंज, सुईतूनच ट्यूबमध्ये दाबून सोडलेलं रक्त, एवढं पुरतं. शीर सापडेना म्हणून पट्टा आवळून मूठ उघड-मीट करायला लावली तरी पोटॅशियम चढतं. पेशी फुटलेलं सॅम्पल निदान ओळखू तरी येतं, सिरम लालसर दिसतं.

आमच्याकडं जास्त नडतो तो प्रवास. गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी रक्त काढायचं आणि दुपारी कुणाच्या तरी मोटारसायकलवर जिल्ह्याला पाठवायचं. मे महिन्यात 42-43 अंश ऊन, म्हणून पोरं डब्यात बर्फ टाकतात. त्यांना वाटतं सॅम्पल जपलं! पण सिरम वेगळं न करता रक्त गार ठेवलं की पोटॅशियम आत ओढून ठेवणारा पेशींचा पंप मंदावतो, पोटॅशियम झिरपत राहतं आणि सिरम लालही होत नाही. बर्फाविना उन्हात गेलं तर साखरेची गत वेगळी. पेशी ती खात राहतात, साध्या तापमानालाही ताशी 5 ते 7 टक्के. पेशींचं हे साखर खाणं रोखणारी करड्या झाकणाची फ्लोराइड ट्यूब वापरली नसेल तर सकाळची 140 साखर चार तासांत 110 च्या आसपास येते, आणि शुगरचा पेशंट 'नॉर्मल' म्हणून घरी जातो.

आता धोक्याचं. 6.9 खरं असतं तर हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेतू शकतं, त्यामुळं तुमची धावपळ वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण खोट्या 6.9 वर इन्सुलिन-ग्लुकोज दिलं असतं, तर 4.4 चं पोटॅशियम विनाकारण खाली गेलं असतं, साखरही उतरली असती. म्हणून डॉक्टर आधी ईसीजी काढतात आणि शंका असेल तर दुसरं सॅम्पल घेतात. मला याच्या उलट चुकीची जास्त भीती वाटते. जुलाब-उलट्यांनी गळालेल्या माणसाचं खरं पोटॅशियम 2.9, पण फुटलेल्या पेशींनी ते 4 दाखवलं, तर रिपोर्ट इतका छान दिसतो की कुणाला शंकाच येत नाही.

डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटचंही असंच. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळं (रक्त गोठू न देणारं रसायन) काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशीन तो झुबका मोजत नाही आणि दीड लाखाचे 40 हजार होतात. नातेवाईक प्लेटलेटच्या पिशव्या शोधत फिरतात. त्याआधी 'स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थर, मायक्रोस्कोपखाली बघितला का?' एवढं विचारा.

आणि नावं. एका गावात एकाच आडनावाची दहा घरं. ट्यूबवर नाव नंतर टाकलं की अदलाबदल ठरलेली. रक्तगटात ती झाली आणि चुकीचं रक्त चढलं तर माणूस दगावू शकतो. नाव तुमच्या डोळ्यांदेखत, पेशंटला विचारून लिहून घ्या. टेक्निशियन वैतागला तर वैतागू द्या.

तुमच्या आईंचं म्हणाल तर 4.4 आलं म्हणून विषय संपवू नका. बीपीच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोननं, पोटॅशियम खरोखर वाढतं. चालू गोळ्यांची पाकिटं आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं जा. ज्या अशक्तपणासाठी तपासणी केली होती त्याचं कारण अजून सापडलेलं नाही, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचं विचारा. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असतील तर थायरॉइडचं रक्त देण्याआधी ते सांगा, त्या गोळीनंही आकडे फिरतात.