राणी पसरलेली नाही, पहाऱ्यावर आहे

'ताई, घरात राणी (७ वर्षांची मांजर) आणि बंड्या (४ वर्षांचा बोका) होतेच. तीन आठवड्यांपूर्वी एक वर्षाची चिंगी आणली. लवकर ओळख व्हावी म्हणून पहिल्याच संध्याकाळी हॉलमध्ये तिची पेटी उघडली. बंड्या अजून तिच्यावर फिस्कारतो, शेपूट फुगवतो. राणी मात्र गुणाची, एकदाही आवाज केला नाही; दिवसभर बाथरूमकडच्या पॅसेजमध्ये शांत पसरलेली असते. पण चिंगीने चार वेळा आमच्या पलंगावर शू केली. बाथरूममध्ये शू-शीचे तीन-तीन ट्रे असूनही! घरचे म्हणतात, परत देऊन टाक. बंड्याला कसं आवरू आणि चिंगीला शिस्त कशी लावू? – वैतागलेली'

अगं वैतागलेली, सगळं पत्र बंड्या आणि चिंगीवर खर्च केलंस, आणि जिच्यामुळे गादी ओली होतेय तिला एका वाक्यात शाबासकी देऊन मोकळी झालीस. तिन्ही ट्रेंकडे जायची वाट एकच, आणि राणी त्याच वाटेवर दिवसभर ठाण मांडून बसते. ही विश्रांती नव्हे, नाकाबंदी आहे.

मांजरांची बरीचशी भांडणं आवाज न करताच होतात. उद्या अर्धा तास नुसतं बघत बस. चिंगी पॅसेजकडे निघेल. राणी उठणारही नाही, फक्त डोळे रोखेल, शेपटीचं टोक जरासं हलेल. चिंगी वाटेतच बसकण मारून अंग चाटायला लागेल, जणू तिकडे जायचंच नव्हतं, आणि मागे फिरेल. दिवसभर हे चाललं की कधीतरी धीर सुटतोच. मग पलंग बरा: मऊ, उंच, कोण येतंय ते दिसतं, पळायला वाटही असते. सूड नाही आणि शिस्तीचा प्रश्नही नाही.

बंड्याला आवरू नकोस. 'लांब राहा' हे तो तोंडाने सांगतोय, सांगू दे. त्याला ओरडलीस तर चिंगी दिसली की आपल्याला बोलणी बसतात, एवढंच तो शिकेल.

आधी चिंगीची लघवी डॉक्टरांकडून तपासून घे. ताणाने मांजरांच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते, आणि तसं असेल तर नुसते ट्रे हलवून भागणार नाही. त्याच फेरीत तिच्या लसी, नसबंदी आणि ल्युकेमिया-एफआयव्हीच्या (मांजरांत पसरणाऱ्या दोन विषाणूंच्या) रक्ततपासणीचं विचार. हे खरं तर तिला इतरांत सोडण्याआधी व्हायला हवं होतं. आणि बंड्या कधी ट्रेमध्ये बसून कुंथतोय, पण थेंबही येत नाही असं दिसलं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नकोस. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो तुंबला की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

आता ट्रे. तीन मांजरांना चार हवेत, पण एका बाथरूममध्ये रांगेने ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या हिशेबी एकच. म्हणून ते घरभर वेगवेगळ्या जागी ठेव, आणि आत बसलेल्याला निसटायला दोन वाटा मिळतील असे. झाकणं काढून टाक. झाकणाच्या ट्रेमधून बाहेर पडायचं एकच तोंड, तिथेच दबा धरला जातो. ट्रे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावा, त्यातलं लिटर (मांजरांची वाळू) पाचेक सेंटीमीटर खोल. खाण्या-पिण्याच्या वाट्याही अशाच विखुरून ठेव.

आणि आजच चिंगीला वेगळ्या खोलीत हलव. हॉलमध्ये पेटी उघडलीस ती संध्याकाळ झालीच नाही असं समज. चारातला एक ट्रे, पाणी, खाणं, नखं घासायला काहीतरी आणि लपायला आडवं टाकलेलं खोकं, एवढं तिच्या खोलीत हवं. ती नीट खायला लागेपर्यंत आणि ट्रे वापरायला लागेपर्यंत दार बंदच. एक दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन कर; उपाशी मांजराचं यकृत बिघडतं.

मग वासाची ओळख. मऊ कापड चिंगीच्या गालांवरून फिरव आणि राणी-बंड्याच्या वाटीपासून हातभर लांब ठेव, त्यांचं तिच्याकडे. हुंगून निघून गेले, तर झकास. फिस्कारले, तर कापड आणखी लांब. रोज तासभर अदलाबदल कर: चिंगी घरात मोकळी, ते दोघं तिच्या खोलीत.

पुढची पायरी बंद दाराची. दोन्ही बाजूंना वाट्या दाराच्या दोन मीटर अलीकडे ठेव आणि दर जेवणाला वीतभर पुढे सरकव. कोणी खाता खाता थबकून दाराकडे टक लावली, म्हणजे घाई झाली. वाटी मागे घे. दाराला चिकटून सगळे निवांत खाऊ लागले की जाळी लाव किंवा दार बोटभर उघडं ठेवून अडकव, आणि फक्त खाण्यापुरती दोन-तीन मिनिटं दिसू दे.

समोरासमोर आणायचं ते एकेकाला, आधी बंड्याला. (बघ, हाच आधी निवळेल.) राणी सर्वांत शेवटी. कोणालाही मांडीवर धरून दुसऱ्याजवळ नेऊ नकोस. घाबरलेलं मांजर तुलाच ओरबाडेल. राणीने डोळे रोखले की रागावू नकोस, दोरीचं खेळणं फिरवून तिची नजर मोड. जुंपलीच तर मध्ये हात न घालता पुठ्ठा किंवा उशी घाल, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दोघींना वेगळं ठेव. पुन्हा सुरुवात एक पायरी मागून.

याला काही आठवडे लागतात, कधी महिनेही. राणी आणि चिंगी एका उशीवर झोपतील असं मी म्हणत नाही. एकीने खिडकी सकाळी घेतली, दुसरीने दुपारी, तरी पुष्कळ झालं. राणीला उंचावर एक फळी दे, पॅसेजपासून दूर. वरून घर दिसत असेल तर ती पॅसेज सोडेल.

गादीला एन्झाइमचं क्लीनर लाव, अमोनियाचं नको. तो वास तिला लघवीसारखाच वाटतो. परत द्यायचं की नाही, हे पाचही पायऱ्या चढून झाल्याशिवाय मला विचारू नकोस. ट्रे आज झोपण्यापूर्वी हलव.