धूमकेतू सूर्यापासून लांब जायला लागला की त्याची शेपटी लगेच जाते का? आणि तेव्हा ती कुठल्या दिशेला असते?

लगेच नाही जात. आणि येताना जशी वाढली तशीच जाताना कमी होते असंही नाही, मला या विषयात हेच सगळ्यात भारी वाटतं.

धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धुळीचा गोळा, सूर्याजवळ आला की बर्फाची डायरेक्ट वाफ होते आणि ती वाफ सोबत धूळ पण उडवून नेते, त्याचीच शेपटी बनते. आता आमच्या बेळगावात एप्रिलमध्ये सूर्य साडेबाराच्या सुमारास डोक्यावर येतो पण उन्हाचा खरा तडाखा अडीच-तीनला बसतो, तसंच इथं बघा. ६७पी नावाच्या धूमकेतूजवळ युरोपचं रोझेटा यान होतं, तो १३ ऑगस्ट २०१५ ला सूर्याच्या सगळ्यात जवळ होता पण पाण्याची वाफ सगळ्यात जास्त निघाली ती त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी!

पुढं पाणी आधी थंडावतं. सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ३ पट लांब गेलं की पाण्याच्या बर्फाची वाफ होणं फारच कमी होतं, पण कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडचे बर्फ त्याहून थंडीत पण उडतात, म्हणून काम चालूच राहतं. ६७पी वर २०१६ मध्ये दक्षिण भागातनं पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडच जास्त निघत होता. आणि हेल-बॉप, १९९७ मध्ये सगळ्यांनी बघितलेला, तो २००७ मध्ये युरेनसच्या कक्षेपलीकडं गेला होता तरी त्याच्याभोवती धुळीचं आवरण दिसत होतं!

शेपटीची दिशा पण विचारलीय तुम्ही. ती कायम सूर्याच्या उलट बाजूला असते, त्यामुळं परत जाताना शेपटी पुढं आणि डोकं मागं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलस हा धूमकेतू मी बेळगावजवळच्या राजहंसगडाकडनं बघितला, पाऊस उघडला होता आणि शहराचा उजेड पाठीमागं, पश्चिमेला खाली डोकं आणि शेपटी फिकट पण सरळ वर गेलेली. २७ सप्टेंबरला तो सूर्याजवळनं वळून परत निघाला होता. नंतर तो भराभर फिका पडला पण वाफ कमी होणं हे एकटंच त्याचं कारण नव्हतं, १२ ऑक्टोबरनंतर तो पृथ्वीपासूनही लांब चालला होता. म्हणून कुठलाही धूमकेतू नुसत्या डोळ्याला दिसेना झाला म्हणजे विझला असं धरू नका, दुर्बीण असेल तर त्यानंतरही काही आठवडे शोधत राहा.